चंद्रीच्या भाकरीचं गणित

हॉस्टेलवर दोन विषय कधीच संपत नाहीत. एक सबमिशन आणि दुसरा मेसचं जेवण. 'भाजीत पाणी की पाण्यात भाजी' या विषयावर आपण सगळ्यांनी रात्री जागवल्या आहेत. पण मेसचे काही मेंबर असेही आहेत की ज्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. मेसच्या मागच्या दाराशी बसणारी कुत्री! पोळी, भात, रस्सा, बर्थडेचा केक... पब्लिक जे टाकेल ते बिचारी खातात आणि वर शेपूटही हलवतात.

त्यांना बघितलं की मला आमची चंद्री आठवते. हा लेख तिच्या खाण्याबद्दल आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कुत्र्याच्या खाण्यावर लेख कशाला, असं वाटत असेल तर जरा थांबा. यात थोडं थर्मोडायनॅमिक्स आहे, थोडा इतिहास आहे आणि शेवटाकडे व्हायव्हाला कुणीच विचारत नाही असा एक प्रश्नही आहे.

आमचं गाव माणदेशात. पाऊस कमी, मेंढरं जास्त. चंद्री जातीची कारवानी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, चाबकासारखी शेपटी. वजन पंचवीस किलो. पहिल्यांदा घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, "काय हो, उपाशी ठेवता काय हिला?" तर तसं नाही. या जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. लॅब्रेडॉरच्या मापाने तिला मोजणं म्हणजे धावपटूला पैलवानाच्या मापाने मोजण्यासारखं आहे.

ही कुत्री आमच्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ भागात पिढ्यानपिढ्या पाळली जातात. तिकडे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला नव्याने जपलं. २००५ साली पोस्टखात्याने चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. २०१६ मध्ये लष्करानेही ही कुत्री मेरठला प्रशिक्षणासाठी घेतली. थोडक्यात, खानदान मोठं आहे! पण तिकिटावर फोटो आला म्हणून भाकरी कमी लागते असं काही नाही.

या कुत्र्यांचं मूळ काम शिकार. ससा दिसला की तीरासारखं सुटायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते काम बंद झालं आणि ते बरंच झालं. आता चंद्रीकडे राखणदारी आणि मेंढरांमागे फिरणं. शिवाय पहाटे तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, मोटरसायकलबरोबर माळावरची धाव. ती धावताना बघण्यासारखी असते. चारही पाय हवेत, पाठीचा कणा स्प्रिंगसारखा दबतो आणि सुटतो. मेकॅनिकलवाल्यांनी एकदा तरी बघावं.

तिच्या खाण्याची सगळी व्यवस्था आमच्या आबांकडे. आबा म्हणजे माझे आजोबा. सकाळी ताकात कुस्करलेली अर्धी भाकरी. संध्याकाळी दुधात कुस्करलेल्या अडीच. आठवड्यातून दोनदा अंडं आणि बाजाराच्या दिवशी खाटकाकडून आणलेली वजडी, स्वच्छ धुऊन, बिनमिठाची उकडून. आबांचे नियम कडक. पळून आल्याआल्या खायला द्यायचं नाही. "जित्राबाचा दम जिरू दे आधी," म्हणायचे. आणि पोटभर खाल्ल्यावर सोडायचं नाही. एकदम सगळं पुढ्यात टाकायचं नाही, दोन वेळा वाटून द्यायचं.

आबा शाळेत चौथीपर्यंत गेलेले. पण खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून स्वतःभोवती पिळलं जाण्याचा एक भयंकर प्रकार होतो. काही तासांत कुत्रं दगावतं. एका वेळी भरमसाट खाणं आणि भराभर खाणं ही त्याची धोक्याची कारणं म्हणून जनावरांचे डॉक्टरही सांगतात. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बहुतेक कुणाचं तरी कुत्रं मरताना पाहिलं असावं.

आता गणिताकडे वळू. (सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये.) कोणत्याही सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायलाही शक्ती लागते. कुत्र्यासाठी हिशेब असा: वजन किलोमध्ये घ्या, त्याचा ०.७५ वा घात काढा आणि ७० ने गुणा. पंचवीस किलोला उत्तर येतं ७८३ किलोकॅलरी. म्हणजे चंद्री दिवसभर ओसरीवर नुसती पडून राहिली तरी तिचं हृदय, श्वास, अंगाची ऊब यांचं हे बिल. हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या कुत्र्याला याच्या साधारण १.६ ते २ पट लागतं, म्हणजे साडेबाराशे ते साडेपंधराशे.

आता आबांचं ताट बघा. आमच्याकडची भाकरी मोठी, एकीला शंभर ग्रॅमच्या आसपास ज्वारीचं पीठ. म्हणजे भाकरीला ३४० किलोकॅलरी आणि दहा ग्रॅम प्रोटीन. तीन भाकरींचे झाले एक हजार वीस. म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजे अजून पाचशे आणि वीस ग्रॅम प्रोटीन. बेरीज दीड हजार. कॅल्क्युलेटरवर हे उत्तर आलं तेव्हा मी आबांच्या नावाने मनातल्या मनात टाळी वाजवली. कुठलंही पुस्तक न उघडता माणूस बरोबर रेंजमध्ये होता!

काही लोक म्हणतात, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला भाकरी कशाला? मांसच पाहिजे. यालाही उत्तर सापडलं आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, खरकटं टाकू लागला, आणि त्या खरकट्यावर जगता जगता कुत्रा आतून बदलला. शेतीच्या मुलखातल्या कुत्र्यांत या प्रती जास्त आणि बर्फातल्या हस्कीसारख्या कुत्र्यांत कमी सापडतात. म्हणजे भाकरी हा चंद्रीसाठी परका घास नाही. फक्त पीठ शिजलेलं हवं, आणि नुसत्या भाकरीवर भागत नाही.

हस्कीचं नाव निघालंच आहे तर त्यांचंही ताट बघून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. अलास्कात १९७३ पासून 'इडिटारॉड' नावाची स्लेड कुत्र्यांची शर्यत होते. अँकरेज ते नोम, जवळजवळ १६०० किलोमीटर, बर्फातून, आठ-दहा दिवस किंवा जास्त. तिथला पंचवीस किलोचा कुत्रा दिवसाला दहा हजार किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त जाळतो. चंद्रीइतक्याच वजनाचा आणि भूक तिच्या सहा-सातपट! आता दहा हजार किलोकॅलरी भाकरीतून द्यायच्या तर दिवसाला तीस भाकरी लागतील. पोटात मावणार कुठे? म्हणून तिथे चरबी चालते. एक ग्रॅम प्रोटीन किंवा पिठात चार किलोकॅलरी, तर चरबीत नऊ. थोड्या जागेत जास्त इंधन. कुत्र्याचे स्नायू चरबी जाळण्यात माणसापेक्षा कितीतरी तरबेज असतात. मांस, चरबी, सामन मासा, दर थोड्या वेळाने गोठवलेल्या मांसाचा तुकडा, आणि थंडीत कुत्रं पाणी पीत नाही म्हणून पाण्यात मांसाचा रस कालवून. हे सगळं एका दिवसात सुरू करत नाहीत हं. हळूहळू सवय लावतात, नाहीतर पोट बिघडतं.

म्हणजे 'पळणारा कुत्रा' ही एकच गोष्ट नव्हे. ग्रेहाउंडची शर्यत अर्ध्या मिनिटात संपते. कारवानीही त्याच घराण्यातली, थोडा वेळ, तुफान वेग. त्या अर्ध्या मिनिटाला लागणारं इंधन स्नायूत आधीच साठवलेलं असतं. आमच्या भागात जत्रेत कुत्र्यांच्या शर्यती भरतात. तिथे काही हौशी मालक शर्यतीच्या सकाळी कुत्र्याला तूप, अंडी, ग्लुकोज असं ठासून भरवतात. परीक्षेच्या सकाळी अख्खं पुस्तक वाचणाऱ्यांतले हे! तासाभरापूर्वीचं खाणं पोटातच बसतं आणि कुत्रं तेवढं ओझं घेऊन पळतं. जे खायचं ते आदल्या महिन्यात.

आमच्या चुलतभावाला तर जिममधली प्रोटीन पावडर चंद्रीला द्यायची होती. इथल्या जिमवाल्या मित्रांनाही सांगून ठेवतो. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या वस्तू कुत्र्याला विषारी असतात. डबा तुमच्यासाठीच ठेवा.

अलास्काची आणखी एक गोष्ट. १९२५ च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध नेनाना स्टेशनपर्यंत रेल्वेने आलं आणि तिथून पुढे हजारावर किलोमीटर वीस चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी आळीपाळीने साडेपाच दिवसांत नेलं. टोगो आणि बाल्टो ही त्यातली नावाजलेली कुत्री. ही बाजू सगळ्यांना आवडते.

दुसरी बाजू तितकी आवडत नाही. १४ डिसेंबर १९११ ला अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला. तळावरून निघताना बरोबर ५२ कुत्री होती. परत आली ११. अपघात वगैरे काही नव्हता. कोणत्या टप्प्यावर किती कुत्र्यांची गरज संपेल आणि तिथे किती मारून बाकीच्यांना आणि माणसांना खायला घालायची, याचा हिशेब आधीच मांडलेला होता. इंजिनिअरच्या डोक्याने बघितलं तर प्लॅनिंग जबरदस्त. ओझं कमी झालं, ओढणारे कमी केले, आणि इंधनही झालं. सगळी माणसं सुखरूप परत आली. हे वाचून मी पुस्तक मिटलं तेव्हा मला आमच्या घरातली एक रात्र आठवत होती.

२०१८ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही भाग होता. मी तेव्हा आठवीत. एक म्हैस विकली, दुसरी छावणीत गेली आणि आटली. मेंढरंही निम्मी विकली. घरात दूध म्हणजे चहापुरतं. चंद्री तेव्हा चार वर्षांची, ऐन भरात. तिचं ताट दोन भाकरी आणि पाणी यावर आलं.

गणित आता तुम्हीच करा. दोन भाकरींचे ६८० आणि नुसतं पडून राहायचं बिल ७८३. म्हणजे हललीच नाही तरी रोज शंभराचा तोटा. प्रोटीन पन्नासवरून वीस ग्रॅमवर. असा तोटा शरीर कुठून भरून काढतं? आधी चरबी, आणि या जातीत चरबी असते कुठे! मग स्वतःचे स्नायू. महिन्याभरात तीन बरगड्यांच्या जागी सगळ्या मोजता येऊ लागल्या. पाठीचे मणके वर आले. पहाटे तात्यांनी गाडी सुरू केली की ती उठायची, चार पावलं जायची आणि परत येऊन बसायची.

एका रात्री जेवताना तात्या म्हणाले, "आबा, शिकार न्हाई, मेंढरं न्हाईत. कुत्रं काय करतंय आता? पाव्हण्यात एकजण मागतोय, देऊन टाकू." तात्या वाईट माणूस नाहीत. घरात माणसांच्या खाण्याचीच ओढाताण होती आणि ते घराचा जमाखर्च बघत होते. त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिनं काम सोडलंय का? काम आपण बंद केलंय."

एवढंच. चंद्री राहिली. दुसऱ्या बाजाराला आबा खाटकाकडे जाऊन बोलून आले. न खपलेली वजडी तो स्वस्तात द्यायला तयार झाला. ती बादली सायकलला अडकवून आणायचं काम माझ्याकडे. (त्या वासाबद्दल इथे लिहीत नाही. आपलं केमिस्ट्री लॅब त्यापुढे अत्तराचं दुकान आहे.) जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, भाकरीबरोबर हुलगे उकडून घाला, ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते डाळी-कडधान्यांनी बरंच भरून निघतं. आणि अंड्याचं कवच धुऊन, वाळवून, बारीक कुटून चिमूटभर घाला, कारण मांस आणि भाकरी दोन्हीत कॅल्शियम कमी. पाव किलो वजडीतून तीसेक ग्रॅम प्रोटीन मिळतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरगड्या परत तीनवर आल्या. पाऊस मात्र त्यानंतर आला.

आज चंद्री अकरा वर्षांची आहे. तोंड पांढरं झालंय. मोटरसायकल सुरू झाली की कान उभे करते, उठत नाही. घरात परत तोच प्रश्न निघाला: आता वजडी, अंडी कशाला? दोन भाकरी पुष्कळ झाल्या. डॉक्टरांनी समजावलं, की म्हाताऱ्या कुत्र्याला एकूण कॅलरी थोड्या कमी चालतात, पण प्रोटीन कमी करून चालत नाही. वयाबरोबर स्नायू आपोआप झडतात, त्यात प्रोटीन तोडलं तर मागचे पाय लवकर जातात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं. म्हणजे धाव थांबली म्हणून ताट बंद, हे शास्त्रातही बसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळं वहीत मांडून आबांना दाखवत होतो. आबा आता ऐंशीचे. शेतावर जाणं दोन वर्षांपासून थांबलंय. तेव्हापासून त्यांचं जेवणही चतकोर भाकरीवर आलंय. आई आग्रह करते तर म्हणतात, "काम न्हाई तर घास कशाला." वहीतल्या एका आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये सातशे त्र्याऐंशी काय?"

"आबा, काहीच काम न करता नुसतं पडून राहिलं तरी लागतं ते. श्वास, रक्त, अंगाची ऊब..."

"म्हंजे नुसतं जित्तं ऱ्हायला बी खर्च हाय."

"हाय की."

आबा थोडा वेळ चंद्रीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आन् माजा किती?"

वजन पन्नास किलो, उंची, वय घालून मी आकडा काढला. अकराशेच्या आसपास. त्यांच्या चतकोर भाकरीत काय बसतं, हे मी बोललो नाही. वहीच त्यांच्यासमोर होती. त्या रात्री आईने न विचारता अख्खी भाकरी वाढली. आबांनी नको म्हटलं नाही. त्यातली निम्मी नंतर चंद्रीच्या ताटलीत गेली हे खरं, पण निम्मी त्यांनी खाल्ली.

तर तो व्हायव्हाचा प्रश्न. एफिशियन्सी म्हणजे आउटपुट भागिले इनपुट. आउटपुट शून्य झालं तर एफिशियन्सी किती? शून्य. बरोबर. मग अशा मशीनचं काय करायचं? बंद करायचं, हे उत्तरही बरोबर, पूर्ण मार्क. आपण चार वर्षं हेच शिकतो आणि मशीनसाठी ते शिकलंच पाहिजे. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की हे सूत्र वापरण्याआधी समोर मशीनच आहे ना, हे एकदा बघून घ्यावं.

आता मेसच्या मागच्या दाराकडे. मित्रांनो, आपली हॉस्टेलची कुत्री काही शर्यतीतली नाहीत, पण रात्रभर आवारात गस्त घालतात ती तीच. त्यांना खायला जरूर द्या, फक्त एवढं सांभाळा. कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, चॉकलेट केक, द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही. शिजलेली चिकनची हाडं नाही, ती फुटून सुयांसारखी टोचतात. पोळी चालेल, साधा भात चालेल, उकडलेलं अंडं मिळालं तर त्यांची दिवाळी. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांचं पोट बिघडतं, त्यापेक्षा दही-ताक बरं. आणि उन्हाळ्यात एका पसरट भांड्यात पाणी. रोज, न विसरता.

मेसच्या मावशींशी बोलून झालंय. फोडणी घालण्याआधीचा भात एका वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायला त्या तयार आहेत. ते पातेलं रात्री साडेनऊला मागच्या दाराशी नेऊन ठेवणारा एकजण रोज हवा आहे. बुधवार आणि शनिवार मी घेतलेत. बाकीचे पाच वार मोकळे आहेत.